सड्यावरची टिटवी आणि जीप

ही गोष्ट गेल्या एप्रिलच्या बारा तारखेला, म्हशी राखणाऱ्या जानू झोरे यांच्याकडून ऐकलेली.

डोंगरमाथ्यावरच्या उघड्या सड्यावर टिटवी चार अंडी उबवत होती. गाडीवाट सोडून एक जीप गवत चिरडत आली.

"चाके वाटेवर ठेव! सड्याचा नियम आहे," टिटवी कडाडली.

"नियम रस्त्याला असतात, टिटवीबाई. इथे नुसते दगड!" जीपने मुद्दाम गोल फेरा मारला.

"दगडांत माझी अंडी आहेत, मेले!"

संतापलेली टिटवी पंख मोडल्याचे सोंग करून पाणथळीकडे फरफटत निघाली. खेळ समजून जीप मागे धावली आणि चिखलात रुतली.

"बाई, वाट दाखव गं!"

"वाट होती. तुलाच नको होती."

रुतलेली जीप झोऱ्यांनी मला दाखवली. अंडी किती वाचली, याची मात्र खात्री कधीच होऊ शकली नाही.