रिकाम्या गलबतात दिवाण

"गलबत रिकामं आणायचं, हे ठरवलं कुणी?"

हा प्रश्न घेऊन चांगू जकातीच्या नाक्यावर गेला. तिथला कारकून म्हणाला, "वर विचार." वरच्याने आणखी वर पाठवलं. सगळ्यात वर पोचल्यावर पहारेकऱ्याने त्याला पायऱ्यांवरून खाली ढकललं. चांगू उठला, पहारेकऱ्याच्या काखेखालून निसटला आणि भर दरबारात नागोजीराजांपुढे जाऊन उभा राहिला. भावाचं सुतकही अजून फिटलं नव्हतं.

काळसुरी बंदरात दोन वर्षांपासून नवा कायदा होता. आपला नारळ, सुपारी, सुंभ बाहेर जावं आणि बाहेरून फक्त सोनं यावं! बाहेरच्या मालावर किमतीच्या दुप्पट जकात. परतीच्या गलबताचं पोट हलकं राहिलं तर ते डोलतं, म्हणून खलाशी तळाशी दगड भरत. दिवाण भास्करपंतांनी त्या दगडांवरही जकात बसवली. दगड झाले तरी परदेशीच ना!

मग गलबतं पोकळ भोपळ्यासारखी परत येऊ लागली. चांगूचा थोरला भाऊ बुधाजी तांडेल तसाच येत होता. खाडीच्या तोंडाशी आडवा वारा आला आणि गलबत उलटलं. त्यातली सोन्याची थैली राजाच्या पाणबुड्यांनी त्याच दुपारी वर काढली. बुधाजी तिसऱ्या दिवशी आपला आपण किनाऱ्याला लागला.

"माझा भाऊ तुमच्या कायद्यानं बुडाला, महाराज!" चांगू ओरडला.

"खोटं!" दिवाण कडाडले. "तांडेलच निष्काळजी! रिकाम्या गलबताइतकं सुखरूप दुसरं काही नाही. हलकं असतं, तरंगतं! लहान पोरालाही कळेल."

"आमच्याकडच्या लहान पोराला याच्या उलटं कळतं, दिवाणजी."

दरबारात खसखस पिकली. राजाने हात वर केला. "ऐक रे. भास्करपंतांनी कायदा केला, तिजोरी भरली. यात चूक आहे म्हणतोस? मग माझ्या दिवाणाच्याच तोंडून वदवून घे. 'परदेशी माल भरा' असं त्यांनी स्वतः म्हणायला हवं! म्हणाले, तर कायदा रद्द. नाही म्हणाले, तर गोमाजी तांडेलाचं गलबत उद्या निघतंय, त्याच्या जागी तांडेल तू. परत आणायचं ते रिकामंच!"

दिवाण पोट धरून हसले. त्यांच्या तोंडून असं वाक्य? एक वेळ मांजर दुधाला नाही म्हणेल!

चांगू मात्र हसला नाही. गोमाजीच्या गलबतावर बुधाजीचेच वाचलेले खलाशी जाणार होते.

"कबूल," तो म्हणाला. "फक्त दिवाणजींनी माझ्याबरोबर खाडीच्या तोंडापर्यंत यावं. रिकाम्या गलबतातून."

"मी कशाला?"

"सुखरूप असतं ना? हलकं असतं, तरंगतं..."

"जा की, भास्करपंत!" राजा म्हणाला. "तेवढीच हवा लागेल."

सगळा गाव धक्क्यावर लोटला. खलाशांनी गोमाजीचं गलबत तळाच्या फळ्या दिसेपर्यंत रिकामं केलं. दिवाण मधोमध बसले, पगडी सावरून. चांगूने शीड सोडलं. धक्क्याच्या आडोशाला असेपर्यंत सगळं ठीक होतं. गलबत उघड्यावर आलं, बाजूने वारा लागला आणि डोलकाठी झोकांडी खाऊन पाण्याकडे वाकली.

"अरे, अरे! हे कलतंय!"

"हलकं आहे ना, दिवाणजी."

गलबत दुसऱ्या अंगाला कललं. पगडी पाण्यात गेली.

"धक्क्याला घे! पोटात काहीतरी भर आधी!"

"काय भरू? आपला माल तर बाहेर जायचा."

"दगड भर!"

"परतीच्या गलबतात ते परदेशीच, जकात पडेल."

तेवढ्यात एक लाट आत आली आणि दिवाणांच्या मांडीवर येऊन बसली.

"लोखंड भर! खजूर भर! परदेशी असेल तो माल भर रे मेल्या, पण भर!"

खाडीवर आवाज चांगला लांब जातो. धक्क्यावरच्या म्हाताऱ्या बायकांनाही तो ऐकू आला.

चांगूने गलबत वळवून आणलं. दिवाण धक्क्यावर चार पायांनी चढले. राजा ओठ आवळून उभा होता.

"वाक्य ऐकलं," राजा म्हणाला. "पण दिवाण भ्याला म्हणून हिशेब बदलत नाही. परदेशी लोखंड आत आलं की माझं सोनं बाहेर जाणार. त्याचं काय?"

"महाराज, तुमच्याकडे गलबतं किती होती आणि उरली किती?"

राजाने धक्क्यावर नजर फिरवली.

"काही बुडाली. उरलेली धक्क्याला कुजली, कारण सुताराला खिळे मिळेनात. लोखंड येतं बाहेरून."

"मग सोन्याचे ठोक!"

"ठोकतो की. पहिल्याच लाटेला वाकतील. आणि जकातीचं म्हणाल, तर आल्या गलबताकडून मूठभर घ्या, शंभर येतील. पोतं मागितलंत, तर ती शेजारच्या बंदराला लागतात आणि तिथला राजा जाडा होतो."

"पण सोनं..."

"सोन्याला पोहता येत नाही, महाराज! ते गलबतातूनच येतं. आणि गलबताला खिळे लागतात."

राजाचे आवळलेले ओठ सुटले. तो इतका हसला की छत्री धरणाऱ्याला छत्री सोडून त्यालाच धरावं लागलं. दुप्पट जकात तिथल्या तिथे गेली, दगडांवरचीही गेली. राजाने हातातलं सोन्याचं कडं काढून चांगूच्या हातात घातलं.

चांगूने ते तिथेच उतरवून गोमाजी तांडेलाकडे दिलं. "काका, येताना याचं लोखंड आणा. तळाला नीट रचून आणा."

"महाराज!" भिजलेले दिवाण किंचाळले. "सोनं चाललं बाहेर!"

"जाऊ द्या, भास्करपंत," राजा डोळे पुसत म्हणाला. "नाहीतर तळाला तुम्हालाच ठेवावं लागेल!"

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागताच नारळांनी भरलेलं गलबत निघालं. चिखलात जरा अडलं, तेव्हा चांगू पाण्यात शिरला, त्याने खांदा लावला आणि पाय टेकेनासे झाले तेव्हाच बाजूला झाला.