धाकू गुरवाचं बोलावणं

सड्याच्या उघड्या कातळावरून खाली उतरायला धड पायवाटही नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. कुडवण गावाच्या माथ्यावर सोमजाईची देवराई होती, तशी ती आजही आहे. ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण. एकेका बुंध्याला चार माणसांची मिठी पुरायची नाही. त्या झाडांच्या मुळांतून एक झरा निघायचा आणि सगळं गाव त्याच्यावर जगायचं. राईतली काडीसुद्धा देवीची, म्हणून तिथला वाळका पालादेखील कुणी चुलीला नेत नसे.

देवीची पूजा धाकू गुरवाकडे होती. धाकू भला माणूस, पण त्याला कुणाला नाही म्हणता येत नसे. त्याचा नांगर कायम दुसऱ्याच्या शेतात आणि शेळी दुसऱ्याच्या गोठ्यात. असं म्हणतात, की एकदा भर पावसात एकानं त्याच्या अंगावरचं घोंगडं मागितलं. धाकूनं ते दिलंच, वर त्याच्या घरापर्यंत पोचवूनही आला.

गावचे खोत होते अप्पाजी. शेजारच्या खोतानं माडीचं घर बांधलं तेव्हापासून अप्पाजींना अन्न गोड लागेना. त्यांना माडीवर माडी हवी होती, आणि तसल्या लांब तुळया फक्त राईतच मिळण्यासारख्या होत्या. त्यांनी धाकूला बोलावलं आणि देवीचा होकार घेऊन ये म्हणून सांगितलं. धाकू म्हणाला, बरं.

घरी येऊन त्यानं बायकोला, तुळसाला, हे सांगितलं. वाढता वाढता तिचा हात थांबला.

"झाडं गेली की झरा जाईल. मग देवीला आंघोळ कशानं घालणार? आणि मी भात कशात शिजवू?"

खोतांना नाही कसं म्हणायचं, ते धाकूला सुचेना. तो ताटावरून उठून राईत जाऊन बसला. वर एक धनेश पक्षी ढोलीतल्या मादीला चोचीनं फळं भरवत होता. ते बघताना धाकूला आपला बाप आठवला. बाप घराला एक वासा तोडायचा झाला तरी आधी झाडावर हात ठेवून सांगायचा, की बाबांनो, इथे जे कोणी राहत असाल त्यांनी बिऱ्हाड हलवा, आणि मला क्षमा करा.

दुसऱ्या दिवशी धाकू खोतांच्या ओटीवर गेला. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. तोंड उघडलं आणि शब्द आपोआप बाहेर आले.

"राईत देवीची लेकरं राहतात. जो त्यांचं घर मोडेल त्यानं त्यांना आपल्या घरी राहायला बोलवायचं, अशी रीत आहे."

अप्पाजींना हायसं वाटलं. बकरा नाही, गावजेवण नाही, नुसतं बोलावणं. आमच्या दारातून आजवर कोणी विन्मुख गेलेलं नाही, असं म्हणत त्यांनी पागोटं चढवलं आणि अक्षतांचं ताट घेऊन ते राईत शिरले. प्रत्येक झाडाखाली उभं राहून, मान वर करून, सगळ्यांनी सहकुटुंब राहायला यावं असं त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. गाववाले तोंडाला पदर आणि पंचे लावून बघत होते. खोतांनी बाहेरगावाहून आणलेले लाकूडतोडे सकाळची वाट बघत कुऱ्हाडी उशाला घेऊन आडवे झाले.

आणि मग ते सगळे आले.

आधी मधमाश्या आल्या आणि त्यांनी देवघरात पोळं लावलं. वटवाघळं माजघरातल्या आढ्याला उलटी लटकली. वानरांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. धनेश आपल्या मादीसह खोतांच्या कपाटात शिरला आणि त्यानं दाराची फट चिखलानं लिंपून घेतली. अजगर भाताच्या कणगीला वेटोळं घालून झोपला. आणि सगळ्यांच्या शेवटी देवीचा वाघ आला. तो ओटीवरच्या झोपाळ्यावर चढून बसला. झोपाळा हळूहळू हलत होता, असं म्हणतात.

बोलावून आणलेल्या पाहुण्यांना हाकलावं तर खोतांची अब्रू जाणार. न हाकलावं तर घरात पाय ठेवायला जागा नाही. शेवटी खोतांचं कुटुंब भांडीकुंडी घेऊन राईत राहायला गेलं. लाकूडतोडे वाघाला बघूनच पसार झाले होते. अप्पाजी झऱ्याकाठी दगडांची चूल मांडून बसले. आश्चर्य असं, की तिथे त्यांना जेवण गोड लागलं आणि दुपारची झोपही गाढ लागली.

पण आभाळ भरून आलं तसा खोतीणबाईंनी आपल्या छपराचा धोशा लावला. अप्पाजी साऱ्या गावादेखत धाकूला म्हणाले, की तू जा आणि त्यांना परत पाठव.

"नाही," कोणीतरी म्हणालं.

सगळ्यांच्या माना वळल्या. कोण बोललं ते बघायला धाकूनंही मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. तेव्हा आपणच बोललो हे त्याच्या लक्षात आलं. पण शब्द निघून गेला होता. मग तो पुढचंही बोलला.

"बोलावलंत तुम्ही. आता त्यांचं घर त्यांना परत द्यायचा शब्दही तुम्हीच द्यायचा."

अप्पाजी आपल्याच अंगणात येऊन बोडक्या डोक्यानं उभे राहिले. राईला मी कुऱ्हाड लावणार नाही आणि माझे नातू-पणतूही लावणार नाहीत, असं त्यांनी झोपाळ्याकडे बघून सांगितलं. वाघ उठला, त्यानं अंग ताणलं आणि तो राईच्या वाटेला लागला. मागोमाग सगळं बिऱ्हाड गेलं. अजगर तेवढा शिमग्यापर्यंत जागा झाला नाही. खोतीणबाई त्याला ओलांडूनच रोज भात काढायच्या. खोतांच्या घरावर माडी काही चढली नाही.

कुडवणात अजूनही कुणाला झाड तोडायचं असलं, मग ते स्वतःच्या परसातलं का असेना, तर त्यानं झाडाखाली उभं राहून मोठ्यानं आपल्या घरी बोलावणं करायचं असतं. त्याला धाकूबाचं बोलावणं म्हणतात. मग एक दिवस थांबायचं. तेवढ्यात घरात कोणी आलं तर कुऱ्हाड परत ठेवायची. आणि कोकणातल्या घरात एका दिवसात एक मुंगीसुद्धा आली नाही, असं कधी होतं का? काहीजण घर सारवून, झाडून, दारंखिडक्या लावून बसतात. मग भिंतीवरची पाल चुकचुकते.

मध्यंतरी विजेच्या तारा ओढायला माणसं आली. राईच्या कडेचा एक बेहडा आड येत होता. गावातल्या म्हाताऱ्यांनी त्यांच्या साहेबांना आदरानं झाडाखाली नेलं आणि बोलावणं करायला लावलं. साहेबांनी हसत हसत शहरातल्या आपल्या घराचा पूर्ण पत्ता सांगितला, मजल्यासकट. संध्याकाळी त्यांना बायकोचा फोन आला. नळाच्या मोरीत बेडूक बसलाय आणि तो हलायला तयार नाही, असं ती सांगत होती.

तारा आता राईला वळसा घालून जातात.