शेवरगडच्या तळ्याचं बोलकं कुलूप

“संगणकाला हात लावायचा नाही. मोबाइलला नाही, बटणाला नाही, वायरीलासुद्धा नाही! आणि सूर्य मावळायच्या आत तळ्याचे दरवाजे उघडून दाखवायचे. जमलं तर तुझ्यावरची तक्रार मागे. नाही जमलं तर गुमान तुरुंगात जा!”

शेवरगडच्या महाराजांनी भर दरबारात मला हे फर्मावलं. त्यांचं राज्य केव्हाच गेलं होतं. पण तळं आणि हट्ट, दोन्ही शाबूत होती.

मी मंदा ढेकणे. वर्तमानपत्रांनी जिला ‘संगणकातली दरोडेखोर’ म्हटलं, तीच. भर उन्हाळ्यात तळ्याचं पाणी महाराजांच्या गुलाबांना मिळायचं आणि गावाच्या नळांतून नुसती हवा यायची. म्हणून मी घरबसल्या राजवाड्याच्या संगणकात शिरले आणि दरवाजे उघडले. उघडले खरे, पण बंद कसे करायचे ते बघायचंच राहिलं! पाणी नळाला आलं, तसं बाजारातही आलं. लग्नाच्या मांडवात शिरलं, नवरदेवाचे जोडे घेऊन गेलं आणि जाता जाता माझ्या सख्ख्या आत्याचे वर्षभराचे पापड भिजवून गेलं. तेव्हापासून अर्धं गाव मला देवी म्हणतं आणि अर्धं गाव ‘आली बघा भवानी’ म्हणतं. आत्या काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही. कोर्टाने जामीन दिला तो एकाच अटीवर: संगणकाला शिवायचं नाही.

महाराजांनी मग नवं कुलूप आणलं. गादीसमोरच्या चौरंगावर एक काळी डबी ठेवलेली होती.

“ही डबी फक्त माझा आवाज ओळखते,” महाराज मिशीला पीळ देत म्हणाले. “मी एक गुप्त शब्द उच्चारला, की दरवाजे उघडतात. तो शब्द माझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही. आमच्या कारभाऱ्यांनाही नाही!”

कारभारी विश्रामरावांनी दुःखी चेहऱ्याने मान हलवली.

“महाराज, मी बोललेलं चालेल ना?” मी विचारलं.

“खुशाल बोल! तोंडाला बंदी नाही.”

“आणि जमलं, तर गावाला रोज पाणी?”

“दिलं! रोज सकाळी दिलं! जमायचंच नाहीये, तर द्यायला आमचं काय जातंय?”

दरबार हसला. गावकरी मागे दाटीवाटीने उभे होते. त्यांत आत्याही होती, हाताची घडी घालून.

मी अंदाज घेत विचारलं, “महाराज, आपल्या कुलदेवीचं नाव काय हो?”

महाराजांनी ओठ मिटले आणि बोट ओठांवर ठेवलं.

“आपल्याला कुठला आंबा आवडतो?”

बोट तसंच!

“झालं!” आत्या मागून म्हणाली. “हिची अक्कलही त्या दिवशी पाण्यासोबत वाहून गेली!”

मला घाम फुटला. पडद्याआड बसून जगाला गंडवणारी मी, समोर माणूस आल्यावर आंब्यापलीकडे जाईना! सूर्य खिडकीच्या खालच्या गजाला टेकला. तेवढ्यात भिंतीवरची तसबीर दिसली. तरणेबांड महाराज एका तपकिरी घोडीवर ऐटीत बसले होते. तसबिरीला ताजा हार होता.

“वा! काय सुंदर तसबीर!” मी म्हटलं. “पण महाराज, एवढा मोठा राजा खेचरावर का बसलाय?”

महाराजांच्या मिशा थरथरल्या, पण बोट हललं नाही.

“नाही, कान बघा ना! खेचराचेच आहेत. आमच्या आळीत विटा वाहायला अगदी असंच होतं. धोंडी म्हणायचे त्याला. चार पावलं चाललं, की बसायचं!”

“धोंडी?” महाराज गादीवरून ताडकन उठले. “खेचर? अगं डोळे फुटले का तुझे? पाच संस्थानांचे घोडे मागे टाकले होते तिनं! ती आमची पवनगंगा होती, पवनगंगा!”

डबी टुणकन वाजली. तळ्याकडून दरवाज्यांची घरघर ऐकू आली आणि मग धो धो पाणी!

खरं सांगते, गुप्त शब्द म्हणजे घोडीचं नावच निघेल हे मला ठाऊक नव्हतं. घोडीनंतर मी कुत्र्याकडे वळणार होते आणि कुत्र्यानंतर महाराजांच्या मिशांकडे. पण लोकांनी टाळ्या पिटल्या, तेव्हा मी सगळं ठरवूनच केल्यासारखा चेहरा केला.

“टाळ्या कसल्या वाजवताय!” आत्या ओरडली. “दरवाजे बंद करा आधी! माझ्या कुरडया वाळत घातल्यात!”

महाराजांनी घाईघाईने दरवाजे बंद करवले आणि माझ्याकडे वळले. “लबाड पोरी! हात न लावता कुलूप फोडलंस?”

“महाराज, बंदी यंत्राला हात लावायची होती. आपल्या अभिमानाला नव्हती!”

महाराज पोट धरधरून हसायला लागले.

“तक्रार मागे! गावाला रोज सकाळी पाणी! आणि कोर्टाची परवानगी आम्ही मिळवतो, या कुलपाची राखण तूच करायची. पगार विश्रामराव ठरवतील!”

“राखते, महाराज. पण आधी शब्द बदला.”

“बदलला म्हणून समज! आता असा शब्द ठेवतो, की ब्रह्मदेवालाही सुचणार नाही. आमच्या लाडक्या—”

विश्रामरावांनी जन्मात पहिल्यांदाच महाराजांच्या तोंडावर हात ठेवला, आणि त्या हाताआडून महाराजांचं हसू साऱ्या दरबारात घुमलं!