विझू दिलेली सिगार

समुद्रकाठच्या एका बंदरात एकदा एक वृद्ध पारखी राहत असे. सिगारीचे पान पुरते मुरले आहे की नाही, गुंडाळणाऱ्याचा हात कुठे घट्ट पडला, हे तो दोन झुरक्यांत सांगे. त्याच्याजवळ एक शिष्य होता. तिशीचा, दोन लेकरांचा बाप. हातमाग बंद पडल्यावर तो हे काम शिकायला आला होता.

वर्षभराने परीक्षेचा दिवस उजाडला. बंदरातला मोठा व्यापारी आपल्या वखारीसाठी पारखी नेमणार होता. त्याच्यासमोर बसून एक सिगार निवडायची, ओढायची आणि ती कशी आहे ते सांगायचे, एवढीच परीक्षा. पण गेल्या वर्षी एक उमेदवार तिथेच घेरी येऊन खुर्चीवरून खाली पडला होता. गावाने त्याचे नाव 'घेरीशेठ' ठेवले आणि पुढे त्याला कोणी कामावर घेतले नाही. शिष्याच्या कानात ते नाव इतके घुमत होते, की सकाळी त्याच्या घशाखाली भाकरी उतरली नाही. रिकाम्या पोटी सिगार ओढू नये, हा तर त्याला मिळालेला पहिलाच धडा होता.

वखारीच्या माडीवर व्यापाऱ्याने तबक पुढे केले. त्यात पाच सिगारी होत्या. शिष्याने प्रथम एक लहान, फिकट तपकिरी सिगार उचलून बोटांत हलकेच दाबली. कुठे गाठ नव्हती, कुठे पोकळी नव्हती. वास वाळलेल्या गवतासारखा, सौम्य होता. ती त्याला आवडली. पण व्यापारी टक लावून पाहत होता. एवढीशी घेतली तर हा हसेल, असे वाटून शिष्याने ती परत ठेवली आणि सर्वांत जाड, सर्वांत काळी उचलली.

"वा," व्यापारी म्हणाला, "छाती मोठी दिसते तुझी."

शिष्याबरोबर आलेला वृद्ध शेजारी बसून त्याने परत ठेवलेल्या लहान सिगारीकडे पाहत होता.

सिगार पेटली आणि शिष्याला दुसरेच भय वाटू लागले. शेठच्या देखत ही विझली तर? म्हणून तो श्वासाश्वासाला झुरके घेऊ लागला. धूर तापला. जीभ पोळली. कानामागे थंडगार घाम फुटला आणि पायांखालची फळी होडीसारखी हलू लागली.

"कशी आहे?" व्यापाऱ्याने विचारले.

"चांगली आहे, शेठ."

"ते माझी मांजरही सांगेल. कशी आहे?"

घरी वाट पाहणारी बायको शिष्याच्या डोळ्यांसमोर आली. त्याने आणखी जोराने झुरका घेतला. तेवढ्यात वृद्धाने हात लांबवून ती सिगार त्याच्या बोटांतून काढून घेतली आणि राखेच्या ताटलीत ठेवून दिली. मग व्यापाऱ्याकडे वळून तो म्हणाला, "यंदा वखारीचं छप्पर गळलं नाही ना, शेठजी?"

शिष्य थिजून गेला. धुराची रेघ बारीक होत चालली. त्याने हात पुढे केला, तर वृद्धाने त्याचे मनगट धरले. रेघ तुटली.

"तात्या, ती विझली," शिष्य पुटपुटला.

"विझू दे. आधी हा गूळ खा, पाणी पी."

शिष्याने गुळाचा खडा कसाबसा चघळला. आता सगळे संपले, याविषयी त्याला शंका उरली नव्हती. वृद्ध शांतपणे म्हणाला, "सिगार विझतेच, बाबा. माझी विझते, शेठजींचीही विझते. राख झाडावी, पुन्हा पेटवावी. पण ही तू निवडलीस कुठे? हसतील म्हणून उचललीस आणि विझेल म्हणून ओढलीस. तंबाखूची चव तुला लागणार कशी? तुझ्या तोंडात नुसती भीती जळत होती. ती कडूच लागायची. जी आवडली होती ती घे. मिनिटाला एक झुरका पुरे. धूर गिळू नकोस, तोंडात खेळव आणि सोडून दे."

व्यापाऱ्याने तबक पुन्हा पुढे सरकवले.

शिष्याने ती लहान सिगार घेतली. मध्ये एकदा ती विझली. त्याने राख झाडली, पुन्हा पेटवली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "सुरुवातीला भाजक्या शेंगदाण्यासारखी लागते, शेठ. पुढे जरा गोडसर. पण मागे जिभेला चुरचुरते. हे पान अजून वर्षभर मुरायला हवं होतं."

व्यापाऱ्याच्या कपाळाला आठी पडली. माल त्याचाच होता. शिष्याने ती पाहिली, पण शब्द मागे घेतला नाही. दोन बोटे उरली तेव्हा त्याने सिगार ताटलीत ठेवली.

"संपवत नाहीस?"

"हिची गोडी इथवरच आहे, शेठ."

व्यापाऱ्याने ते थोटूक उचलून न्याहाळले. मग म्हणाला, "सोमवारपासून ये. आणि जेवून येत जा."

जिना उतरताना शिष्याने विचारले, "तात्या, त्यांनी नाही म्हटलं असतं तर?"

"तर तुला नाही म्हटलं असतं. मघाशी ते ज्याला नाही म्हणणार होते, तो तू नव्हतास, तुझी भीती होती."

शिष्य थांबला. काळी सिगार वर ताटलीत तशीच पडली होती, आणि ती आणायला परत जावे असे त्याला वाटले नाही.

आपणही कितीतरी गोष्टी केवळ विझतील या धास्तीने ओढत राहतो. त्यांतली एखादी आज ताटलीत ठेवून पाहावी.