नऊ औटे किती?

एकदा एका वृद्ध पंतोजींच्या दोन शिष्यांत एका पाढ्यावरून वितुष्ट आले. खरे सांगायचे तर वितुष्ट एकाच्याच मनात होते. दुसऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. मत्सराचे बहुधा असेच असते. एकाने जळायचे आणि दुसऱ्याने सुखाने जेवायचे.

दोघेही आता आपापल्या गावी शाळा चालवीत, थोरला डोंगरावर आणि धाकटा समुद्राकाठी. पंतोजींच्या शाळेत एक फडताळ होते. ज्याने मुलांसाठी काही चांगले रचले, त्याने त्याची प्रत तिथे ठेवावी. ज्याला हवे त्याने ती उतरवून न्यावी, आपल्या मुलांना मानवेल तशी बदलावी आणि बदललेली प्रत पुन्हा तिथेच आणून ठेवावी, असा रिवाज होता. कोणी कोणाला विचारत नसे. त्या फडताळाला कडीच नव्हती.

त्या काळी मुलांना नुसते पाढे येऊन भागत नसे. पावकी, निमकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढेही घोकावे लागत, आणि साडेतीनचा पाढा, म्हणजे औटकी, आली की भल्याभल्यांची बोबडी वळे. थोरल्याने त्या औटकीचे एक गोड कवन रचले. ओळीओळीत आंबे, फणस, करवंदे, आणि ठेका असा चटपटीत की मुलांनी आठवड्यात औटकी तोंडपाठ केली. छाती फुगवून त्याने कवनाची प्रत फडताळात नेऊन ठेवली.

धाकट्याने ती उतरवून नेली. आंबे-फणस काढून त्याने बांगडे आणि सुरमई घातली, आणि चटपटीत ठेका सोडून वल्हे ओढताना म्हणता येईल अशी लांब चाल लावली. बघता बघता सारी किनारपट्टी ती औटकी म्हणू लागली. आठवड्याच्या बाजारात एकाने थोरल्याला प्रेमाने सुचवलेही की गुरुजी, तुम्हीपण मुलांना ती समुद्राची औटकी शिकवा की. थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच घरी आला, तर बायको जात्यावर तीच गुणगुणत होती.

त्याला अन्न गोड लागेना. रचले आपण आणि मिरवतो हा! त्यात आपले नाव कुठेच नाही. बरे, निदान चाल तरी धड ठेवावी. ताकात पाणी ओतावे तशी ओळ वाढवून ठेवली आहे. शेवटी दोन्ही प्रती घेऊन तो पंतोजींकडे गेला आणि त्याने सगळी गरळ ओकली. धाकट्याने कुठे कुठे बदल केला ते बोट ठेवून दाखवले. नवव्या ओळीवर तर त्याने बोट दोनदा आपटले.

"इथं बघा, गुरुजी. मी लिहिलं होतं, 'नऊ औटे साडेतीस.' कसं टपकन बसतं! यानं आकडासुद्धा सोडला नाही. यापुढे माझं काही या फडताळात यायचं नाही. आणि त्याला ही औटकी बंद करायला सांगा."

पंतोजींनी दोन्ही प्रती तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिल्या. मग त्यांनी आतून एक दोरी आणली, थोरल्याच्याच हाताने साडेतीन हात मोजून कापली आणि ती अंगणात नऊ वेळा टाकायला सांगितली. म्हाताऱ्याला चळ लागला की काय, असे थोरल्याच्या मनात आले. पण गुरूची आज्ञा. त्याने दोरी नऊ वेळा टाकून खूण केली.

"आता हातानं मोज."

त्याने वाकून मोजले. साडेएकतीस हात भरले. तो पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला आणि मध्येच थांबला.

महिन्यापूर्वी त्याच्या एका विद्यार्थ्याने मांडवासाठी साडेतीन हातांचे नऊ तुकडे हवेत म्हणून दुकानातून कापड आणले होते आणि ते एक हात कमी पडले होते. त्याने त्या पोराला उन्हात उभे करून औटकी शंभर वेळा म्हणायला लावली होती. पोराने ती शंभर वेळा म्हटली, जशी शिकवली होती तशीच. थोरला दोरीशेजारी खाली बसला.

पंतोजी त्याच्याशेजारी बसले. "त्यानं तुझं नाव सांगायला हवं होतं. ते मी त्याला कान धरून सांगेन. पण तुझी चाल इतकी घट्ट होती की तिच्यात 'एक' मावेना, आणि तो गळल्याचं तुला कळलं नाही. आपण रचलेलं आपण वाचत नाही रे, नुसतं ऐकून खूश होतो. त्यानं आपल्या पोरांसाठी ते उसवलं, वल्ह्यापायी ओळ लांबवली, तेव्हा त्या 'एक'ला बसायला जागा झाली. कडी लावायची तर आज लावू. पण मग चूकही आतच राहील."

"मग त्यानं मला सांगितलं का नाही?"

"सांगायला दोनदा तुझ्या दारात आला होता. दोन्ही वेळा तू घरात नव्हतास म्हणे."

थोरल्याने मान खाली घातली. दोन्ही वेळा तो घरातच होता. नाही म्हणून सांग, असे त्यानेच बायकोला आतून खुणावले होते.

दुसऱ्या दिवशी त्याने आधी त्या पोराला सर्वांसमोर जवळ बोलावले आणि चूक आपली होती हे सांगितले. मग त्याने औटकी नव्याने शिकवली. आंबे-फणस त्याचेच राहिले, पण नवव्या ओळीला मुलांनी समुद्राकडचा लांब सूर धरला. ती ओळ मुलांना फारच आवडली. ही कोणी केली, असे एका मुलीने विचारले.

उत्तर द्यायला त्याला जड गेले. मत्सर काही एका दिवसात जात नाही.

"समुद्राकाठच्या एका गुरुजींनी," तो म्हणाला, आणि मग, "माझ्या धाकट्या गुरुबंधूनं."