मांजराचा मुका

“मग काय, एकोणचाळीस माणसं खोटं बोलतात, फादर?”

गोसलां तावातावाने विचारत होता. ही आठशे वर्षांपूर्वीची गोष्ट. फ्रान्सच्या डोंगरातला एक मठ. पाखंडी माणसं शोधून जाळायचे दिवस. ती शोधायचं काम गोसलांकडे होतं आणि तो त्यात हुशार होता. फादर ओडो त्याचे म्हातारे गुरू.

खिडकीबाहेर भरदुपारी धुकं. समोर डोंगर आहे की नाही, कुणी सांगावं...

“सात गावं, फादर. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं. आणि सगळे एकच सांगतात. तळघरात सैतान येतो, काळ्या मांजराच्या रूपात. हे लोक त्याच्या शेपटीखाली मुका घेतात.”

“अरे वा.”

“फक्त ती विणकरीण, आलाइस, कबूल होत नाही. उद्या तिला जाळायचं. तुमचा शिक्का हवाय.”

“काय म्हणते ती?”

“म्हणते, मांजर पाहिलं, पण ते शेजारणीचं होतं.”

फादरांनी हात पुढे केला.

“तुझी प्रश्नांची यादी दे. आणि त्या तिवईवर बस.”

“ती आरोपीची आहे.”

“बस.”

गोसलां बसला. तिवई इतकी बुटकी की गुडघे हनुवटीला लागले.

फादर यादी वाचू लागले. “मुका घेतलास तेव्हा शेपटी वर होती की खाली?”

“मी कुठे घेतला?”

“‘घेतलास का’ असा प्रश्नच नाहीये यादीत. वर की खाली?”

“फादर, चेष्टा पुरे.”

“वर की खाली?”

धुकं खिडकीतून आत आलं. कुठेतरी घंटा वाजली, पाण्याखाली वाजावी तशी. फादरांनी तोच प्रश्न अकरा वेळा विचारला. न चिडता. अंगाई म्हणावी तसा.

“...वर,” गोसलां म्हणाला.

“रंग?”

“काळा.”

“अंग थंड की गरम?”

“गरम...” गोसलांचे डोळे मिटले होते. “आणि मऊ. फार मऊ होतं, फादर.”

“हे यादीत नाहीये.”

“माहितेय.”

त्याने झग्यावरचा एक काळा केस झटकला. मग दचकून डोळे उघडले.

“आता... मला जाळणार?”

फादरांनी शिक्का उचलला आणि खिडकीतून धुक्यात सोडून दिला. तो खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

“त्या बाईला घरी पोचवून ये,” फादर म्हणाले. “सैतानाला न भेटलेली आपल्यात ती एकटीच उरलीय.”