वाडग्यातला खेकडा

एका शहरात, सहाव्या मजल्यावर, एक समुद्र राहत होता. चार फूट लांब, काचेचा. त्याचे मालक अण्णा चिटणीस. त्यात मासे होते, एक चिमुकला खेकडा होता आणि मधोमध अण्णांचं लाडकं हिरवं प्रवाळ. प्रवाळ म्हणजे जिवंत प्राणी, पण हे दिवसभर दगडासारखं गप्प असे. "याच्याकडून शिका," अण्णा घरच्यांना सांगत.

घरात नवी सून आली, शाल्मली. रुखवतातल्या चकल्यांबरोबर तिने माहेरच्या टाकीतलं एक गुलाबी प्रवाळही आणलं, पाण्याच्या पिशवीत. अण्णांनी मान म्हणून ते थेट हिरव्याच्या शेजारी बसवलं.

थोड्याच दिवसांत गुलाबी प्रवाळ एका बाजूने पांढरं पडलं. रोज सकाळी पाहावं तर जखमेवर खेकडा बसलेला. अण्णांनी निकाल दिला. खेकडा पकडून खाऱ्या पाण्याच्या वाडग्यात टाकला. "उद्या दुकानात परत!"

"एवढ्याशाचं कालवणसुद्धा व्हायचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

शाल्मली फारसं बोलत नसे. तिने एवढंच विचारलं, "अण्णा, दिवा मालवल्यावर टाकीत काय होतं?"

"काय होणार? झोपतात सगळे."

"कोणी पाहिलंय?"

अण्णांनी पाहिलं नव्हतं. जेवणं झाली की टाकीचा दिवा बंद, हा नियम त्यांचाच.

त्या रात्री तिने टॉर्चला लाल जिलेटिन कागद गुंडाळला, उजेडाने कोणी दचकू नये म्हणून. अण्णा, सासूबाई आणि ती, तिघं काचेला नाक लावून बसली. खेकडा वाडग्यातच होता.

हिरवं प्रवाळ फुगलं होतं. त्याच्या अंगातून शेवयांसारखे पारदर्शक धागे निघाले, आधी बोटभर, मग वीतभर. अंधारात उशाजवळचा चष्मा शोधावा तसे ते चाचपडत होते. एक धागा गुलाबीला लागला, डंखासारखा. गुलाबी आक्रसलं. मग दुसरा लागला.

"अगं बाई," सासूबाई कुजबुजल्या, "हेच ते गप्प बसणारं!"

अण्णा उठून झोपायला गेले.

सकाळी हिरवं पुन्हा दगडासारखं, जसं काही घडलंच नाही. सगळं खेकड्याच्या नावावर सहज खपलं असतं. अण्णांनी बाही सारली, हिरवं उचललं आणि पार कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

"अहो, मधली जागा त्याची ना?"

"होती."

मग त्यांनी वाडगा टाकीत कलंडला. खेकडा तिरका तिरका थेट गुलाबीकडे गेला आणि मेलेला भाग साफ करू लागला. रोज सकाळी तो तेच करत होता.

तात्पर्य: जखमेपाशी सापडला म्हणून कोणाला दोषी धरू नये. आपली नजर नसते तेव्हा काय घडतं ते आधी पाहावं, आणि पाहण्याची सुरुवात आपल्या लाडक्यापासून करावी.